जोडखात्यातली नवीन बाई

पेला मी फोडला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे या गोष्टीत इतकी माणसं इतकं शहाणपणाचं बोलणार आहेत, की मूळ गुन्हेगार कोण हे कुणाच्या लक्षातच राहणार नाही. मला ते सोयीचंच झालं असतं म्हणा.

घासताना हातातून सटकला, नळाच्या तोंडावर आपटला आणि त्याचे तीन तुकडे झाले. भुगा नाही, चुरा नाही, मोजून तीन. फुटण्यातसुद्धा त्याने सभ्यपणा पाळला. मी मात्र नळ सुरू ठेवून तिथेच रडत बसले, हे सभ्यपणात बसतं की नाही ते माहीत नाही.

"ताई, अगं ग्लास आहे तो. नवीन घे!" धाकटा भाऊ फोनवर म्हणाला. तो दूर राहतो. दुरून सगळ्याच गोष्टी ग्लासाएवढ्या दिसतात.

नवीन घेतले. पाच घेतले. बाबांनी प्रत्येक पेला उजेडासमोर धरला, उलटा करून बुडाकडून पाहिला आणि टेबलावर ठेवला. "हा नाही." सकाळी दात घासले की नाही ते बाबांना आठवत नाही. माझं नाव आठवत नाही. आई गेली हे सांगणं तर मी सोडूनच दिलंय, कारण दर वेळी त्यांना ते पहिल्यांदाच कळतं. पण त्या पेल्याच्या बुडात, जरा डावीकडे, तांदळाच्या दाण्याएवढा हवेचा बुडबुडा होता, एवढं त्यांना पक्कं आठवतं. काचेच्या कपाटांच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस. दुकानात दागिने, घड्याळं मांडायची ती काचेची कपाटं. काच काचेला चिकटवायचं जे खातं होतं, जोडखातं, त्याचे ते पर्यवेक्षक. ते कामावरून आले की आई त्या पेल्यात पाणी द्यायची. आई गेल्यावर मी देऊ लागले. पेला तोच होता, म्हणून माझं चालून गेलं.

आता पेला नाही म्हटल्यावर बाबांनी पाणीच सोडलं. समोर काहीही धरा, ओठ मिटलेले. चमच्याने पाजलं की गालात धरून ठेवायचे आणि माझी पाठ वळली की कुंडीत. कुंडी तेवढी टवटवीत झाली.

"फळांच्या फोडींवर आठ-दहा दिवस निघतील," डॉक्टर म्हणाले. "त्यानंतर दवाखान्यात ठेवून सलाइन लावावं लागेल. आणि खरं सांगू का, अशा अवस्थेतलं माणूस घराबाहेर नेलं की जे थोडंफार उरलेलं असतं ना, तेही सांडतं."

म्हणजे पेला जोडायचाच होता. एवढंच काम. मी आयुष्यात फ्यूज बदललेत, शिवणयंत्र उघडून बंद केलंय (एक स्क्रू उरला होता, पण यंत्र चालतं), व्हिडिओ बघून बाबांचे केस कापायला शिकलेय. तीन तुकडे म्हणजे काय!

बातमी जिन्यात पोचायला अर्धा तास लागला. समोरच्या काकूंनी घरातला गोंद आणून दिला. "माझ्या फुलदाणीला लावलाय, दहा वर्षं हललेली नाही." फुलदाणीत कागदाची फुलं असतात, हे मला जोडलेला पेला पाणी ओतताच पुन्हा सुटल्यावर आठवलं. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडक्लार्कना इमारतीत सगळे परिपत्रक म्हणतात, त्यांच्या तोंडावर नाही, पण त्यांना माहीत आहे. ते चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "सदरहू बाबतीत तुमच्या वडिलांच्याच खात्यातला गोंद योग्य. उजेड पडला की घट्ट होतो तो. लेखी मागणी करा. तोंडी मागणीला अर्थ नसतो."

तो गोंद विकणाऱ्या कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "किरकोळ विक्री नाही. आस्थापना लागते."

"माझ्याकडे पेला आहे."

"पेला आस्थापना नाही."

हे मला मान्य करावं लागलं. फॉर्म मिळाला. आस्थापनेचे नाव: घर. कामगारांची संख्या: एक. वापराचे प्रयोजन: यापुढे दीड ओळ जागा होती. मी "काच जोडणे" लिहिलं आणि बाकीचं गिळलं. शेवटी होतं, सुरक्षा अधिकाऱ्याची सही.

घरी येऊन फॉर्म बाबांपुढे ठेवला. मनात धाकधूक, कारण हल्ली ते पेन दिलं तर त्याने कान खाजवतात. त्यांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला किंवा वाचल्यासारखं केलं, आणि झोकात सही ठोकली. सहीखाली, मी न सांगता: पर्यवेक्षक, जोडखाते. खिडकीतल्या बाईंनी सही बघितली आणि निमूटपणे बाटली दिली. माझ्या कुठल्याच कागदावर आजवर कुणी इतका विश्वास ठेवलेला नाही.

बाटली काळीकुट्ट, अंगठ्याएवढी. सोबत घडी घातलेली अकरा पानं, मुंग्यांएवढ्या अक्षरांत. अशी पानं मी वाचते तशीच वाचली, म्हणजे पहिली ओळ आणि शेवटची. पहिली होती, "वापरण्यापूर्वी संपूर्ण वाचावे." शेवटची ओळ छापखान्याचा पत्ता होती.

आता माझा युक्तिवाद ऐका, कारण तो मला अजूनही निर्दोष वाटतो. गोंद उजेडावर घट्ट होतो. म्हणजे कामाला उजेड हवा. म्हणजे भर दुपारी, घरातल्या सगळ्यात उन्हाच्या खिडकीत बसून काम करावं. बसले. बशीत गोंद ओतला, त्यात रंगवायचा ब्रश बुडवला, पहिल्या तुकड्याच्या कडेला लावला आणि दुसरा तुकडा उचलेपर्यंत ब्रशची काठी झाली. घाईघाईने दोन तुकडे एकमेकांना टेकवले, ते बोटभर वाकडे बसले, आणि बसले ते बसलेच. तिसरा तुकडा खिडकीच्या कट्ट्याला चिकटला. बशीला हात लावला तर गरम! मी एवढी घाबरले की उरलेला गोंद फडक्याने पुसला, फडकं ओलंच केराच्या डब्यात टाकलं, आणि बोटांचा चिकटा काकूंच्या सल्ल्याने नेलपॉलिश काढायच्या पाण्याने खसाखसा घासून काढला. बाबा मागे खुर्चीत बसून होते. नुसतं नाक जरा वर करून त्यांनी वास घेतला.

दोन दिवसांत माझी बोटं लाल झाली, सुजली, टोकांची सालं निघायला लागली. डॉक्टरांनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले.

"उघड्या हातांनी? आणि वर त्या पाण्याने घासलंत? अहो, त्याने तर ते आणखी आत मुरतं. साबण आणि साधं पाणी, बाकी काही नाही. हे कातडीला नुसतं झोंबलंय तोवर ठीक. पुन्हा पुन्हा असं केलंत आणि कातडीने एकदा डूख धरला, तर ती आयुष्यभर विसरत नाही. उद्या दातात भरलेलं सिमेंटसुद्धा सोसणार नाही."

मी घरी येताना हाच विचार करत होते. एका घरात एका माणसाला काही म्हणता काही आठवत नाही आणि माझ्या कातडीला काही विसरता येणार नाही. वाटणी जरा सरळ करता आली असती.

बाबांचे ओठ आता फुटले होते. हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. सहावा दिवस होता.

शेवटी तळमजल्यावरची नखवाली धावून आली. तिचं नखं रंगवायचं पार्लर आहे, आणि नखांवरचा तो चकचकीत थरही याच जातीचा, दिव्याखाली धरून घट्ट करतात. तिने माझा वाकडा पेला बघून कपाळावर हात मारला. "मावशी! बाटली उन्हात उघडली? माझ्याकडे नवीन मुलगीसुद्धा असं करत नाही हो." तिने तुकडे गरम पाण्यात बुडवून ठेवले, पात्याने हळूहळू गोंद सोडवला, तिसरा तुकडा कट्ट्यावरून उचलला आणि मला तिचा दिवा, पिवळा चष्मा आणि निळ्या हातमोज्यांची जोडी देऊन गेली.

सातव्या दिवशी सकाळी मी पडदे ओढले, टेबलावर कागद पसरला, तुकडे मांडले. हातमोजे सुजलेल्या बोटांत जाईनात. म्हटलं, जाऊ दे, पाच मिनिटांचं काम. बाटलीचं झाकण फिरवलं.

"थांबा!"

हा आवाज मी वर्षा-दोन वर्षांत ऐकला नव्हता. हल्ली बाबांचा आवाज म्हणजे शेजारच्या खोलीत कुणीतरी पुटपुटल्यासारखा. हा आवाज खात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा होता. ते उठून उभे राहिले होते, कुणाचा हात न धरता.

"हातमोजे कुठं आहेत तुमचे?"

तुमचे. बाबांनी मला जन्मात अहो-जाहो केलं नव्हतं.

"बाबा, बोटं सुजलीत, ती..."

"सुजलीत? मग आज कामाला बसलातच कशा?" ते जवळ आले, माझे हात पाहिले. त्यांचा चेहरा मऊ झाला, पण साहेब जितका मऊ होतो तेवढाच. "कुणी शिकवलं नाही का तुम्हाला? नवीन आहात?"

मी बाटलीचं झाकण परत लावलं. मग म्हणाले, "हो. नवीन आहे."

"मग बघा. एकदाच सांगणार." (एकदाच! बाबा एक गोष्ट दिवसातून चाळीसदा सांगतात.) त्यांनी हातमोजे घेतले, त्यांत फुंकर मारून फुगवले, भोक नाही ना पाहिलं आणि माझ्या एकेका बोटावर चढवले, लहान मुलाला घालतात तसे. खिडकी उघडायला लावली, पण पडदा तसाच. हवा हवी, ऊन नको. चष्मा माझ्या डोळ्यांवर बसवला. "दिव्याकडे बघायचं नाही. दिसायला निळा-जांभळा शांत दिसतो. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं तेव्हा कळतं." तुकडे आधी कोरडेच जुळवून बघायला लावले. गोंद एक थेंब, तोही सांध्याच्या कडेला; तो आपणहून आत पाझरतो, तुम्ही ढकलायचा नाही. मग बाटली बंद. "आधी झाकण, मग दिवा. उलटं करणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी खात्यात घेत नाही."

मी फडकं केराच्या डब्याकडे नेत होते.

"कुठं निघालात ते घेऊन? ओलं फडकं उन्हात पसरा. कडक झालं की मग केरात. आणि बेसिनमध्ये थेंब ओतलेला दिसला तर बघा."

त्यांचे हात थरथरत होते, पण दिवा धरताना थांबले. मी शपथेवर सांगते, थांबले. एक सांधा, मग दुसरा. दार किलकिलं करून काकू बघत होत्या, त्यांच्यावर बाबा ओरडले, "चष्मा नाही तर आत नाही!" आणि काकूंनी घाबरून स्वतःचा वाचायचा चष्मा लावला.

पेला जोडला गेला. इतका नितळ, की सांधा शोधायला तिरका धरावा लागे. मी तो धुतला, भरला, आणि सात दिवसांची सगळी आशा दोन हातांत धरून बाबांसमोर गेले.

त्यांनी पेला उजेडात धरला. बुडबुडा पाहिला. "हाच," ते म्हणाले. मला हुंदका आला. मग त्यांनी पेला जरासा तिरका केला.

"हा जोडलेला आहे."

"हो. आपणच आत्ता जोडला."

"मग यात पाणी कोण देतं?" ते खरोखरच संतापले. "जोडलेल्या भांड्यातून खायचं-प्यायचं नाही! हा गोंद कपाटाला चालतो, पोटाला नाही. आणि कामाच्या टेबलावर पाणी आणलंत?" त्यांनी पेला उचलून बेसिनमध्ये उपडा केला.

अकरा पानांत हे सातव्या पानावर होतं. नंतर वाचलं.

मी खालीच बसले. दवाखान्याची पिशवी भरायला घ्यावी का, एवढाच विचार डोक्यात होता. तेवढ्यात बाबा घड्याळाकडे बघून म्हणाले, "उठा. जेवणाची सुट्टी झाली. हात धुवा. साबणाने, कोपरापर्यंत." त्यांनी स्वतःचेही धुतले. मग मांडणीवरचा स्टीलचा एक साधा पेला घेतला, नळाखाली धरला, आणि उभ्या उभ्या गटागट प्यायले. सगळा. परत भरला. परत प्यायले.

मी ओल्या हातांनी बघत राहिले. घरी आलेले बाबा आईच्या पेल्यातून पाणी प्यायचे. कारखान्यातले बाबा जेवणाच्या सुट्टीत नळावर, चार कामगारांबरोबर, हाताला येईल त्यातून. आम्ही सगळे सात दिवस चुकीच्या माणसाला पाणी पाजत होतो.

तेव्हापासून मी नोकरीला लागले. सकाळी आठला खातं उघडतं. खरा गोंद मी कचेरीत परत केला. औषधाची एक काळी बाटली धुऊन तिच्यात ग्लिसरीन भरलंय, दिवा नखवालीकडचा जुना, बिघडलेला आहे, काचा कडा घासलेल्या. हातमोजे, चष्मा, पडदा, झाकण. रोज मी नवीन असते, रोज मला पहिल्यापासून शिकवतात. दहाला पाण्याची सुट्टी, बाराला जेवणाची, तीनला पुन्हा. दिवसाला सहा पेले जातात. डॉक्टर खूश आहेत. परिपत्रकांनी तर मला हजेरीपट आखून दिला आणि "अर्जित रजेचं काय?" असंही विचारलं.

"म्हणजे तू दिवसभर नाटक करतेस?" भाऊ म्हणाला.

"नोकरी करते," मी म्हटलं. "सगळेच करतात."

एकदा मात्र राहवलं नाही. काचेवर बोट ठेवून बाबा आपणहून म्हणाले होते, "माझी मुलगी आहे. तिला मी खात्यात पाऊल टाकू देत नाही. हात धांदरट. आणि कातडी आईसारखी, लगेच लाल होते." मी हातमोजा काढून माझी बोटं त्यांच्यापुढे धरली. "बाबा, मीच ती. बघा ना."

त्यांनी बोटांकडे पाहिलं, माझ्या पिकल्या केसांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती आली ती मी कुणाला सांगितलेली नाही. त्या दिवशी खातं बंद राहिलं. पाणी एक घोटही नाही. तेव्हापासून मी बाईच आहे.

परवाची गोष्ट. झोप झाली नव्हती, मी काच जुळवता जुळवता पेंगले. बाबांनी पाहिलं.

"बाई, घरी कोण असतं तुमच्या?"

"वडील."

"बरे आहेत?"

"मधे पाणी प्यायचे थांबले होते."

"मग इथं काय करताय? काच काय, उद्याही जुळेल. जा. अर्धा दिवस दिला." मी नको नको म्हणत असताना त्यांनी मला चपला घालायला लावल्या, दाराबाहेर काढलं, आणि आतून कडी घातली. कोयंडा त्यांना एरवी जमत नाही.

किल्ली उपयोगाची नव्हती. काकू खुर्ची घेऊन आल्या, परिपत्रक खाली उतरले. "दाराखालून अर्ज सरकवा," ते म्हणाले, आणि मी खरंच क्षणभर कागद शोधला. मग दार वाजवलं.

"कोण?"

"मी, साहेब. नवीन बाई. दार उघडता का?"

"खातं बंद झालं. मी मुलीची वाट बघतोय. ती शाळेतून आल्याशिवाय दार उघडायचं नाही, असं तिच्या आईने बजावलंय."

काकू दुसरीकडे बघायला लागल्या. परिपत्रकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

मी दाराला तोंड लावलं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. लहानपणी जिना चढतानाच ओरडायचे तशी ओरडले, पन्नाशीच्या घशातून जसं निघालं तसं. "बाबा! मी आले!"

कडी पडल्याचा आवाज आला. दार उघडलं. बाबांच्या हातात स्टीलचा पेला होता, काठोकाठ भरलेला. त्यांनी मला बघितलं, मान लववली, आणि माझ्या खांद्यावरून मागे, जिन्यात पाहिलं.

"आवाज आला तिचा. कुठंय?"

"येतेय," मी म्हटलं. "मागून येतेय. दप्तर जड आहे."

"तहानलेली असेल. उन्हातून येते."

"अर्धं तुम्ही प्या, साहेब. अर्धं तिला ठेवू."

हे त्यांना पटलं. ते सावकाश अर्धं प्यायले, पेल्यात वाकून बघितलं, बरोबर अर्धं उरलंय ना. मग मी त्यांच्या शेजारी उभी राहिले, आणि आम्ही दोघं जिन्याकडे बघत तिची वाट पाहू लागलो.